नदीच्या नावचे खाते

‘कॅरॅव्हॅन’ हा इंग्रजी शब्द मूळचा फारसी ‘कारवाँ’. मालाने लादलेली जनावरे, त्यांच्याबरोबर चालणारे व्यापारी, वाटाडे आणि रखवालदार असा सगळा तांडा त्या एका शब्दात मावत असे. आपल्याकडे त्यालाच ‘सार्थ’ म्हणत आणि त्याच्या प्रमुखाला ‘सार्थवाह’. प्राचीन कथावाङ्मयात हा सार्थवाह वारंवार भेटतो. मालाची खरेदी-विक्री हे त्याच्या कामाचे एक अंग होते. त्याहून अवघड काम म्हणजे वाटेतल्या मुक्कामांची निवड आणि पाण्याचा अंदाज. पाणी कुठे मिळेल, किती दिवस पुरेल आणि कोणाला किती द्यायचे, हे ज्याला कळत असे त्याच्याच मागे लोक निर्धास्तपणे निघत.

ऑस्ट्रेलियात आज कॅरॅव्हॅन म्हणजे मोटारीच्या मागे जोडून न्यावयाचे चाकांवरचे घर. त्यात झोपण्याचे बाक, गॅसची शेगडी, लहानसा फ्रिज, छपरावर सौरपट्ट्या आणि तळाशी पाण्याची टाकी असते. शाळांना सुट्टी लागली की कुटुंबेच्या कुटुंबे हे घर घेऊन नदीकाठी जातात आणि निवृत्तीनंतर तर काही जोडपी महिनोन्‌महिने त्यातच राहून देशभर फिरतात. जुन्या सार्थातला माल गेला, नफाही गेला. पाण्याचा हिशेब मात्र आजही शिल्लक आहे आणि ज्या नदीच्या काठी हे घर उभे राहते, तिच्या बाबतीत तर तो सगळ्या देशाचा हिशेब होऊन बसला आहे.

ती नदी म्हणजे मरे. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेयेकडील बर्फाळ डोंगरांत उगम पावून २,५०८ किलोमीटरचा प्रवास करीत ती दक्षिण ऑस्ट्रेलियात समुद्राला मिळते. वाटेत बराच काळ ती न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरिया या दोन राज्यांची सीमा होऊन वाहते. वेंटवर्थ या गावी तिला डार्लिंग नदी मिळते. या दोन नद्यांचे खोरे दहा लाख चौरस किलोमीटरांहून थोडे मोठे, म्हणजे संपूर्ण महाराष्ट्राच्या तिपटीहून अधिक आहे. ‘मरे’ हे नाव चार्ल्स स्टर्ट या शोधप्रवाशाने १८३० मध्ये एका ब्रिटिश मंत्र्यावरून दिले. त्याच्या कितीतरी आधीपासून मधल्या टप्प्यावर राहणारे यॉर्टा यॉर्टा लोक तिला ‘धुंगाला’ म्हणत आले आहेत आणि आजही म्हणतात.

मेलबर्नपासून उत्तरेला सुमारे सव्वादोनशे किलोमीटरवर या नदीच्या काठी बार्मा नावाचे जंगल आहे. पलीकडच्या तीरावरचे मिलेवा जंगल धरून त्याचा विस्तार सुमारे ६६,००० हेक्टर भरतो. ‘रिव्हर रेड गम’ या जातीच्या निलगिरीचे हे जगातले सर्वांत मोठे जंगल. व्हिक्टोरियाच्या बाजूचा भाग २०१० मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला.

एप्रिलमधल्या सुट्टीत सांगलीच्या हळदपेठेत चाळीस वर्षे दुकान चालवलेले एक वृद्ध दांपत्य मुलाच्या कुटुंबाबरोबर येथे चार रात्री राहण्यास गेले. मुलगा मेलबर्नला नोकरीस. तो, सून, दहा वर्षांची नात आणि आजी-आजोबा अशी पाच माणसे आणि भाड्याने घेतलेली एक कॅरॅव्हॅन. तेथला एप्रिल म्हणजे शरद ऋतू. दिवसा हवा उबदार आणि रात्री चांगलीच थंड.

जागा निवडतानाच आजोबांना पहिला धडा मिळाला. भारतीय माणसाचे पाय मुक्कामासाठी आपोआप मोठ्या झाडाच्या सावलीकडे वळतात. मुलाने मात्र गाडी मोकळ्या जागेत नेऊन उभी केली.

“अण्णा, या झाडाखाली कोणी राहत नाही. वारा नसतानाही याची फांदी अचानक कोसळते.”

रेड गमची ही ख्याती खरीच आहे. ते झाड पाचशे वर्षे, क्वचित त्याहूनही अधिक जगते आणि एवढ्या आयुष्यात दुष्काळाच्या दिवसांत मोठमोठ्या फांद्या टाकून देते. पाणी कमी पडले की खर्च कमी करावयाचा, हा त्याचा व्यवहार. जेथे फांदी गळते तेथे खोड हळूहळू पोखरत जाते आणि त्यातून ढोली तयार होते. पक्ष्याला घरटे करता येईल एवढी ढोली होण्यास शंभर वर्षे वा त्याहून अधिक काळ लागतो. काकाकुवे, निरनिराळे पोपट, पॉसम आणि वटवाघळे या ढोल्यांवरच अवलंबून असतात. ‘सुपर्ब पॅरट’ हा हिरवा-पिवळा देखणा पोपट आज मोजक्या ठिकाणी उरला आहे आणि बार्मा हे त्यांपैकी एक. जमिनीवर पडलेला ओंडकाही निकामी नसतो. त्याच्या पोकळीत सरडे, बेडूक आणि छोटे सस्तन प्राणी राहतात. म्हणूनच उद्यानात पडलेले लाकूड उचलून जाळण्यावर अनेक ठिकाणी निर्बंध असतात. शेकोटी करावयाची तर ती ठरलेल्या आगटीत किंवा तीस सेंटीमीटर खोल खड्ड्यात, भोवती तीन मीटर जागा साफ करून आणि जवळ किमान दहा लिटर पाणी ठेवून. निघताना निखारे मातीने झाकून चालत नाही. पाणी ओतून, हाताला थंड लागेपर्यंत ते विझवावे लागतात. आगीचा धोका असल्याचे ज्या दिवशी जाहीर होते, त्या दिवशी काडीसुद्धा ओढावयाची नाही.

गाडी समपातळीत आणून, चारही कोपऱ्यांचे पाय खाली टेकवून झाल्यावर आजोबांनी टाकीची चौकशी केली. दोन टाक्या मिळून १६० लिटर पाणी. दर्शकावर चार दिवे, म्हणजे एक दिवा चाळीस लिटरांचा. पहिल्या संध्याकाळी पाच माणसांचे हातपाय धुणे, स्वयंपाक आणि भांडी होताच एक दिवा विझला. आजोबांनी खिशातली लहान वही काढली आणि चाळीस वर्षांच्या सवयीने रोजमेळ मांडला. जमा १६०, नावे ४०. उरलेले १२० लिटर तीन दिवस पुरवावयाचे, म्हणजे दिवसाला ४० आणि माणशी ८. दुसऱ्या सकाळपासून घरात नवी शिस्त आली. भांडी आधी कागदाने पुसून मग धुवावयाची, आंघोळीऐवजी ओल्या पंचाने अंग पुसावयाचे, डाळ-तांदूळ धुतलेले पाणी पहिल्या विसळणीस वापरावयाचे. साबणाचे पाणी नदीपासून किमान पन्नास मीटर दूर टाकावे, हा तेथला नियम. नात आजोबांच्या वहीत रोज संध्याकाळी स्वतः आकडे लिहू लागली.

एवढे झाल्यावर जंगलाकडे पाहण्यास सवड मिळाली. पहाटे सर्वांना जाग येई ती कूकाबऱ्याच्या हसण्याने. हा आपल्या खंड्याच्याच कुळातला, पण आकाराने बराच मोठा पक्षी. त्याचे ते खदखदून हसणे ही खरे तर हद्दीची घोषणा असते. एक जोडी सुरुवात करते आणि शेजारच्या फांदीवरची दोन-तीन तरुण पाखरे तीत सूर मिसळतात. ही तरुण पाखरे त्या जोडीचीच आधीच्या वर्षांची पिले असतात. मोठी झाल्यावरही ती लगेच वेगळी होत नाहीत. आईबापांजवळ राहून धाकट्या भावंडांची अंडी उबवणे आणि त्यांना भरवणे यांत हात देतात. एकत्र कुटुंबाची ही रीत ऐकून आजींना तो पक्षी फारच आवडला.

एमूचा संसार याहून निराळा. मादी अंडी घालून निघून जाते आणि नर सुमारे आठ आठवडे ती उबवत बसतो. या काळात तो जवळजवळ काही खात नाही. पिले बाहेर आल्यावर महिनोन्‌महिने तोच त्यांना घेऊन फिरतो. दुसऱ्या दिवशी दुपारी एक मोठा एमू वाळूवरून संथपणे पाणी पिण्यास उतरला, तेव्हा सगळ्यांनी हातातली कामे थांबवली. संध्याकाळ होताच गवताच्या मैदानावर करड्या रंगाचे कांगारू एकेक करून दिसू लागत. कांगारू हा तिन्हीसांजेचा आणि पहाटेचा प्राणी. म्हणूनच या वेळांत तेथे गाडी हाकणे धोक्याचे मानले जाते आणि जुने प्रवासी अंधार पडण्यापूर्वीच मुक्कामाला पोहोचतात. रात्री पॉसम खाली उतरून पिशव्या उचकटतो, तेव्हा सगळे अन्न डब्यात बंद करून ठेवावे लागते. दिवसा एखादी लांबलचक घोरपड छावणीतून अशी निघून जाते, की जागा तिचीच आहे आणि माणसे पाहुणी आहेत याविषयी शंका उरू नये.

तिसऱ्या सकाळी जे घडले ते लहानसेच होते. सांगलीत आजींच्या दिवसाची सुरुवात गच्चीवर पाखरांसाठी ज्वारी टाकून आणि मातीच्या पसरट भांड्यात पाणी भरून होते. सासूबाईंकडून आलेली ही चाल त्यांनी पन्नास वर्षांत एक दिवसही मोडलेली नव्हती. परदेशात बियाणे-धान्य नेता येत नाही म्हणून ज्वारी आणता आली नव्हती, पण डब्यात तांदूळ होते. एक कांगारू मादी पिलासह अगदी जवळ चरत होती, फांदीवर काकाकुवे होते. आजींनी मूठभर तांदूळ आणि रात्रीची अर्धी पोळी हातात घेतली. तेवढ्यात नात धावत आली.

“आजी, नको ना. इथे त्यांना काही द्यायचं नसतं.”

“का गं? चार दाण्यांनी त्यांचं काय वाईट होणार आहे?”

“आज ती आपल्याकडे येईल. उद्या दुसऱ्यांच्या तंबूत शिरेल आणि ते तिला मारतील. शिवाय पोळीनं तिचा जबडा सुजतो. आम्हाला शाळेत सांगितलंय.”

नातीचे म्हणणे अक्षरशः खरे होते. कांगारूचे दात आणि पोट रानगवतासाठी घडलेले आहेत. पाव, पोळी यांसारखे मऊ अन्न मिळू लागले आणि एका जागी गर्दी करून ते खाऊ लागले, की त्यांच्या जबड्याच्या हाडात जंतुसंसर्ग होतो. तेथे त्या रोगाला ‘लम्पी जॉ’ म्हणतात आणि त्यात प्राणी खाता न आल्याने उपाशी मरतो. पोपटांच्या बाबतीत, अनेक पक्षी एकाच थाळीवर जमले म्हणजे चोचीचा आणि पिसांचा एक असाध्य रोग एकाकडून दुसऱ्याकडे जातो. माणसाच्या हातून खाण्यास सोकावलेला प्राणी पुढे धीट होतो, मुलांच्या हातातले ओढतो आणि शेवटी उपद्रवी ठरून प्राणास मुकतो.

आजींनी मूठ मिटली, पण मन मिटले नाही. द्यावयाचे नाही म्हणजे पुण्याची वाटच बंद, असे त्यांना वाटले असावे. त्या बराच वेळ नदीकडे पाहत बसल्या. आजोबा जवळ येऊन म्हणाले, “अगं, दुकानात आपण काय करत होतो? ज्याला फेडता येणार नाही अशी उधारी गिऱ्हाइकाला द्यायची नाही. ती उधारी वरून उपकार वाटते, पण त्याचं घर बुडवते.”

“अहो, उधारी आणि दाणे सारखेच का?”

“सारखे नाहीत. पण देण्याआधी घेणाऱ्याचं पुढं काय होईल ते बघायचं, एवढं सारखं आहे.”

त्या दिवशी दुपारी आजींना त्यांचे काम सापडले. काठावर एका झुडपात नायलॉनची मासेमारीची दोरी गुंतलेली होती. कोणी गळ टाकला, दोर अडकली, तोडून तशीच सोडून दिली. असल्या दोरीत पाणपक्ष्यांचे पाय आणि कासवांच्या माना अडकतात. बाटलीच्या झाकणाचे कडे, रबराचे पट्टे, केसांची बंधने अशी कोणतीही गोल वस्तू पाण्यात गेली की ती प्लॅटिपसच्या गळ्यात बसते आणि वाढत्या वजनाबरोबर मांसात रुतते. बदकासारखी चोच असलेला हा अंडी घालणारा सस्तन प्राणी या नदीच्या वरच्या अंगाला आणि तिच्या उपनद्यांत आढळतो. झिंगे धरण्याच्या बंद जाळ्यांत शिरून तो गुदमरून मरे, म्हणून व्हिक्टोरियाने १ जुलै २०१९ पासून तशा जाळ्यांवर बंदी घातली आणि पुढे न्यू साउथ वेल्सनेही ती घातली. आजींनी कात्री घेतली आणि नातीसह दोन तास काठ धुंडाळला. ओंजळभर दोर, तीन गळ आणि कितीतरी कडी निघाली. प्रत्येक कडे कापून मगच पिशवीत टाकावयाचे, हा नियम नातीने सांगितला आणि आजींनी तो पाळला. संध्याकाळी त्यांचा चेहरा रोजच्यासारखा निवळलेला होता.

सगळ्याच प्रश्नांना अशी सोपी वाट मिळत नाही. या जंगलात पूर्वी पाळीव असलेल्या आणि पुढे रानटी झालेल्या घोड्यांचे कळप आहेत. पाणथळीतल्या ‘मोइरा’ गवतावर ते चरतात आणि खुरांनी ओली जमीन तुडवतात. पाणपक्ष्यांना घरट्यासाठी लागणारी ती गवताळ मैदाने गेल्या शतकात फार आक्रसली आहेत. त्याला घोडे हे एक कारण आणि पुराच्या पाण्याची बदललेली वेळ हे दुसरे. सरकारी योजनेनुसार काही घोडे पकडून सांभाळण्यास तयार असलेल्यांच्या स्वाधीन केले जातात आणि काहींना गोळी घातली जाते. घोड्यांवर प्रेम करणारे स्थानिक लोक याच्या विरोधात उभे राहिले आहेत. पाणथळ वाचवू पाहणारे म्हणतात, की घोडा दिसतो म्हणून त्याची दया येते. गवताबरोबर नाहीसे होणारे हजारो जीव दिसतच नाहीत. सून हे सांगत असता आजी म्हणाल्या, “माणसानं आणून सोडलेल्या जनावराची शिक्षा जनावरालाच का?” त्यावर छावणीत कोणाजवळ उत्तर नव्हते.

पुराची वेळ बदलली म्हणजे काय, हे समजले की या नदीचे खरे दुखणे समजते. पूर्वी मरे नदीला हिवाळ्यात आणि वसंतात, म्हणजे साधारण जून ते नोव्हेंबर या काळात, पाऊस आणि वितळलेल्या बर्फाचा लोंढा येई. तो जंगलात पसरे, रेड गमची मुळे भिजवी, पक्ष्यांची वीण होई. उन्हाळ्यात नदी उतरे आणि जंगल वाळे. मग धरणे आली. १९३६ मध्ये पूर्ण झालेले ह्यूम धरण सुमारे ३,००० अब्ज लिटर पाणी साठवते, म्हणजे आपल्या परिभाषेत सुमारे १०६ टीएमसी, जवळजवळ कोयनेएवढे. हिवाळ्याचे पाणी अडवून ते उन्हाळ्यात द्राक्षे, फळबागा, भात आणि दुभत्या जनावरांच्या कुरणांसाठी सोडले जाते. परिणामी नदी जेव्हा भरावी तेव्हा अडते आणि जेव्हा उतरावी तेव्हा दुथडी वाहते. बार्माजवळ तिचे पात्र फार अरुंद होते. त्या भागाला ‘बार्मा चोक’ असेच म्हणतात. उन्हाळ्यात खालच्या शेतांसाठी सोडलेले पाणी या गळ्यातून जाताना काठ खचवते आणि नको त्या वेळी जंगलात शिरते.

पाण्याची मागणी वाढत गेली, तसतशी नदी खालच्या अंगाला थकत गेली. १९८१ मध्ये तिचे मुख वाळूने प्रथमच बंद झाले. १९९१ मध्ये डार्लिंगच्या सुमारे हजार किलोमीटर पात्रावर विषारी निळे-हिरवे शेवाळ पसरले. १९९५ मध्ये सरकारांनी उपशावर मर्यादा घातली. त्यानंतर आलेल्या दशकभराच्या दुष्काळात समुद्राकडचे मुख उघडे ठेवण्यासाठी २००२ पासून यंत्राने वाळू उपसावी लागली. २०१९ च्या आरंभी आणि पुन्हा २०२३ च्या मार्चमध्ये डार्लिंगवरील मेनिंडी गावाजवळ प्राणवायूअभावी लक्षावधी मासे मेले, त्यांची छायाचित्रे जगाने पाहिली.

या देशाने काढलेला तोडगा व्यापारी माणसाने समजून घ्यावा असा आहे. तेथे पाण्याचा हक्क जमिनीपासून वेगळा करण्यात आला. व्हिक्टोरियात ही व्यवस्था २००७ पासून आहे. शेतकऱ्याजवळ जमीन असू शकते आणि पाणी नसू शकते, किंवा उलट. हक्क ही कायमची मालमत्ता. त्यावर दरवर्षी, १ जुलैला सुरू होणाऱ्या जलवर्षात, धरणातील साठा पाहून किती टक्के पाणी मिळणार हे जाहीर होते. मुद्दल आणि त्यावरील लाभांश, असाच हा प्रकार. हक्क विकता येतो, तसेच एका वर्षाचे पाणीही विकता येते. पाऊस चांगला असला की भाव उतरतो आणि दुष्काळात कितीतरी पटींनी चढतो. मग भात लावणारा शेतकरी हिशेब करतो, की यंदा शेत पडीक ठेवून पाणी बदामाच्या बागवाल्याला विकणेच फायद्याचे आहे. कारण भात एक वर्ष न लावून चालतो, बदामाचे झाड एक वर्ष पाण्यावाचून ठेवता येत नाही.

बाजार असा उभा राहिला, पण ज्या बाजारात प्रत्येक थेंबाला धनी आहे तेथे नदीच्या वतीने बोली कोण लावणार? २००७ च्या जलकायद्याने त्यासाठी एक सरकारी पद निर्माण केले. हा अधिकारी नदीच्या, पाणथळींच्या आणि त्यांतील जिवांच्या नावे पाण्याचे हक्क धारण करतो. शेतकऱ्यांप्रमाणेच त्याच्या खात्यात दरवर्षी टक्केवारीने पाणी जमा होते. केव्हा आणि कोठे सोडावयाचे ते तो ठरवतो. वसंतात बार्मा जंगलात पाणी सोडून गवत आणि पक्ष्यांची वीण साधली जाते ती याच खात्यातून. थोडक्यात, नदीच्या नावचे खाते उघडले गेले. २०१२ च्या खोरे-आराखड्याने उपशातून वर्षाला २,७५० अब्ज लिटर, म्हणजे सुमारे ९७ टीएमसी पाणी नदीला परत देण्याचे लक्ष्य ठेवले.

हे ऐकताना आजोबांनी वही बाजूला ठेवली. “पाणी परत दिलं ते कोणाच्या खात्यातून?” त्यांनी विचारले. प्रश्न पेठेतल्या माणसाचा होता आणि वर्मावर बोट ठेवणारा होता. सरकार बाजारभावाने शेतकऱ्यांकडून हक्क विकत घेते. विकणारा राजीखुशीने विकतो, पण त्याच्या गावातला दुकानदार, दूधसंघाचा कामगार, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा यांना कोणी विचारत नाही. पाणी गेले की लागवड कमी होते, लागवड कमी झाली की दुकान मंदावते, शाळेचे वर्ग कमी होतात. म्हणून नदीकाठच्या कित्येक गावांनी या खरेदीस कडाडून विरोध केला. काही वर्षे तिच्यावर मर्यादाही आली आणि २०२३ च्या अखेरीस नव्या कायद्याने ती पुन्हा शिथिल झाली. खालच्या अंगाचे लोक म्हणतात, नदीच मेली तर गावे कशावर जगतील? वरच्या अंगाचे म्हणतात, आम्ही मेल्यावर नदी कोणासाठी? दोन्ही बाजूंचे दुःख खरे आहे. सांगलीने कृष्णा उतरलेलीही पाहिली आहे आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पेठेत शिरलेलीही. त्यामुळे वृद्ध व्यापाऱ्याला यातला एकही पक्ष परका वाटला नाही. जवळच्या एचुका गावात २०२२ च्या ऑक्टोबरात असाच महापूर आला. गाव वाचवण्यासाठी घाईने मातीचा बांध घातला गेला आणि काही घरे बांधाच्या नदीकडच्या बाजूला राहिली. ती गोष्ट मुलाने सांगितली, तेव्हा आजोबांनी एवढेच विचारले, “त्या घरातल्या माणसांना बांध घालताना काय वाटलं असेल?”

या हिशेबात आणखी एक जुने येणे आहे. यॉर्टा यॉर्टा लोकांनी या जमिनीवरचा आणि पाण्यावरचा आपला मूळ हक्क मान्य व्हावा म्हणून १९९४ मध्ये दावा दाखल केला. १९९८ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. इतिहासाच्या ओघात त्यांची परंपरा वाहून गेली आहे, असा त्या निर्णयाचा आशय होता आणि २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो कायम ठेवला. ज्यांना बळाने त्या काठावरून हलवले गेले, त्यांनाच ‘तुम्ही येथे सलग राहिला नाहीत’ असे सांगितले गेले. पुढे व्हिक्टोरियाने बार्मा उद्यानाच्या व्यवस्थापनात त्यांना अधिकृत स्थान दिले. लांब मानेचे, रुंद पाठीचे कासव हे त्यांचे कुलचिन्ह. त्या कासवांची अंडी बाहेरून आलेले कोल्हे मोठ्या प्रमाणावर फस्त करतात, म्हणून घरट्यांचे रक्षण करणे हे आज त्यांच्या कामाचा भाग झाले आहे. मालकीचा निकाल विरुद्ध गेला तरी राखणीची जबाबदारी त्यांनी सोडली नाही, ही गोष्ट कोणत्याही पेढीने आपल्या भिंतीवर लिहून ठेवावी अशी आहे.

चौथ्या रात्रीनंतर मुक्काम हलला. राख थंड करून खड्डा बुजवला. शौचालयाची टाकी उघड्यावर न ओतता वाटेतल्या गावी त्यासाठी केलेल्या ठिकाणी रिकामी केली. कचऱ्याची पिशवी बरोबर घेतली, कारण जंगलात कचरापेट्या ठेवलेल्याच नसतात. आणलेले सगळे परत न्यावयाचे. दर्शकावरचा चौथा दिवा अजून विझला नव्हता. नातीने आजोबांच्या वहीत शेवटची शिल्लक लिहिली. नेमका आकडा सांगता येत नव्हता, म्हणून तिने ‘थोडे उरले’ असे लिहिले आणि आजोबांनी ती नोंद तशीच मान्य केली.

आपल्या समाजातील अनेक घरांची मुले आज ऑस्ट्रेलियात आहेत आणि आईवडील वर्षा-दोन वर्षांनी त्यांच्याकडे जातात. शहरांतली दुकाने आणि समुद्रकाठ पाहून झाल्यावर चार रात्री एखाद्या नदीकाठी अवश्य राहावे. शिधा पुरेसा न्यावा, शाकाहारी माणसाची तेथे मुळीच अडचण होत नाही. दिवस मावळण्यापूर्वी पोहोचावे, झाडाखाली गाडी लावू नये, पाण्याचा रोजमेळ पहिल्याच संध्याकाळी मांडावा. प्राण्यांना काही देण्याचा मोह झाला तर हात आवरावा आणि काठावर पडलेली दोर उचलावी. नदी तेथे केवळ पाहण्याची वस्तू नाही. तिच्या नावे एक खाते आहे, त्यातली शिल्लक बेताची आहे आणि जमा करणाऱ्यांत पाहुण्यांचेही नाव लागू शकते.